बेलफास्टच्या अक्षता: आयर्लंडचं भांडण आणि तिथल्या कविता

उत्तर आयर्लंडमध्ये एक शहर आहे, त्याला निम्मे लोक डेरी म्हणतात आणि निम्मे लंडनडेरी. रस्त्यावरच्या सरकारी पाटीवर लंडनडेरी लिहिलेलं असतं आणि बऱ्याच पाट्यांवर त्यातल्या 'लंडन'वर कोणीतरी स्प्रे मारून ठेवलेला असतो. बातम्यांवाल्यांना दोन्ही बाजू सांभाळायच्या म्हणून ते दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारून 'डेरी स्ट्रोक लंडनडेरी' म्हणायचे, मग तिथल्याच एका रेडिओवाल्याने गावाला 'स्ट्रोक सिटी' असंच नाव ठेवून दिलं. नुसतं एच हे अक्षर तुम्ही 'एच' म्हणता की 'हेच' म्हणता ह्यावरूनसुद्धा तिकडे माणूस कुठल्या बाजूचा ते ओळखतात, प्रोटेस्टंट शाळेतला एच म्हणतो आणि कॅथलिक शाळेतला हेच.

आपल्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. भाड्याने घर बघायला गेलं की घरमालक आधी पाणी वगैरे देतो आणि मग हळूच विचारतो, आडनाव काय म्हणालात? त्याला काय काढून घ्यायचंय ते त्यालाही माहीत आणि आपल्यालाही. शेमस हीनी नावाचा त्यांचा मोठा कवी होऊन गेला, त्याची एक अख्खी कविता ह्याच प्रकारावर आहे, तिच्या नावाचा मतलब साधारण असा की काय बोलायचं ते बोल पण काही सांगू नकोस. त्यात तो म्हणतो की नुसतं नाव आणि शाळा सांगितली की झालं, नॉर्मन, केन, सिडनी म्हणजे ते, आणि शेमस म्हणजे आपला.

तर आयर्लंडचं भांडण नक्की काय होतं आणि तिथल्या कवींनी त्याचं काय केलं हे जरा सोप्यात सांगतो. मी इतिहासाचा मास्तर नाही, पण टीवायला आम्हाला यीट्स ह्या आयरिश कवीची 'ईस्टर, १९१६' ही कविता होती आणि गाईडमध्ये एवढंच होतं की 'टेरिबल ब्यूटी' म्हणजे विरोधाभास अलंकार, दोन मार्क. बाकी सगळं नंतर स्वतःच वाचलं.

पहिली गोष्ट म्हणजे हे कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असं दिसत असलं तरी देव कसा आहे ह्यावरून कोणी मारामारी करत नव्हतं. भांडण जमिनीचं होतं. १६०९ पासून इंग्लंडच्या राजाने आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर भागात तिथल्या सरदारांच्या जमिनी जप्त करून स्कॉटलंड आणि इंग्लंडहून लोक आणून वसवले, आलेले बहुतेक प्रोटेस्टंट, ज्यांच्या जमिनी गेल्या ते कॅथलिक. डेरी आणि आजूबाजूचा मुलूख तर लंडनच्या व्यापारी मंडळ्यांकडे वसवायला दिला, नावात लंडन आलं ते तिथून. चारशे वर्षांनी तो स्प्रे मारणारा पोरगा खरं तर एका जमीनवाटपाच्या कागदावर स्प्रे मारत असतो.

मग १८०१ मध्ये आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट बंद होऊन सगळा कारभार लंडनला गेला. १८४५ ला बटाट्यावर करपा आला, गरिबांचं पोट जवळजवळ पूर्ण बटाट्यावर, पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांच्या वर देश सोडून गेली, आणि हे सगळं चालू असताना बंदरातून धान्य बाहेर जातच होतं. हा राग पुढच्या सगळ्या भांडणाच्या तळाशी आहे. इव्हन बोलंड नावाच्या कवयित्रीची ह्या दुष्काळावर एक छोटी कविता आहे, १८४७ च्या हिवाळ्यात एक नवरा-बायको वर्कहाऊसमधून, म्हणजे सरकारी गरीबखान्यातून निघून चालत उत्तरेकडे जातात, ती तापाने फणफणलेली, तो तिला पाठीवर घेतो, सकाळी दोघं मेलेले सापडतात आणि तिचे पाय त्याच्या छातीशी धरलेले असतात, शेवटची ऊब द्यायला. बोलंडबाईंचं म्हणणं असं की प्रेमकविता लिहायचीच असेल तर आधी हे दोघं डोळ्यासमोर ठेवा. आणि त्यांची दुसरीही एक तक्रार होती, ती मला जास्त पटते. आयरिश देशभक्तीच्या कवितेत देश म्हणजे कायम एक बाई, सुंदर, दुःखी, पोरांना बलिदान मागणारी, भारतमातेच्या कॅलेंडरसारखी. आणि खऱ्या बायका मात्र कवितेत कुठे नाहीतच.

ही देशरूपी बाई सगळ्यात गाजली ती १९०२ च्या एका नाटकात. यीट्स आणि लेडी ग्रेगरीने मिळून लिहिलेलं 'कॅथलीन नी हूलिहन'. एक म्हातारी एका घरात येते, म्हणते माझी चार हिरवी शेतं परक्यांनी घेतली, लग्न ठरलेला मुलगा नवरी सोडून तिच्यासाठी लढायला निघून जातो, आणि बाहेर गेलेली ती म्हातारी कुणाला तरी तरुण दिसते, राणीसारखं चालत गेलेली. म्हातारीचं काम केलं होतं मॉड गॉननं, जिच्यावर यीट्सचं जन्मभर प्रेम होतं आणि जिने त्याला प्रत्येक वेळी नाही म्हटलं. हे नाटक लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता १९१६. आयर्लंडला होमरूल, म्हणजे घरचा कारभार घरी, हे देणारा कायदा १९१४ ला पास झाला होता पण महायुद्ध लागलं म्हणून बाजूला ठेवला. काही लोकांना वाट बघायची नव्हती. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार, डब्लिनच्या मोठ्या पोस्टाच्या इमारतीत घुसून पॅट्रिक पिअर्सने बाहेर येऊन स्वतंत्र प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. (जाता जाता, होमरूल हा शब्द आपल्याकडेही तिकडूनच आला, आणि टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती ह्याच एप्रिलच्या शेवटी, म्हणजे डब्लिनमध्ये गोळ्या चालू असताना.) जाहीरनाम्यावर सात सह्या, त्यातले तीन चक्क कवी होते, पिअर्स, मॅकडोना आणि प्लंकेट. सहा दिवसांत सगळं चिरडलं गेलं. जवळजवळ पाचशे माणसं मेली, अर्ध्याहून जास्त साधे रस्त्यावरचे लोक, आणि पकडलेल्यांना नेताना डब्लिनचेच लोक त्यांना शिव्या घालत होते कारण शहराची पार वाट लागली होती.

इथे इंग्रजांनी घोडचूक केली. ३ ते १२ मे, थोडे थोडे करून पंधरा जणांना गोळ्या घातल्या. प्लंकेटचं तुरुंगाच्या चॅपलमध्ये रात्री लग्न लावलं आणि पहाटे गोळी. सही करणाऱ्यांतलाच कॉनली जखमी होता, उभा राहू शकत नव्हता, तर त्याला खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. पंधरा दिवसांपूर्वी शिव्या घालणारं शहर आता त्यांचे फोटो घरात लावायला लागलं.

यीट्स तेव्हा इंग्लंडला होता. ह्या लोकांना तो ओळखायचा, रस्त्यात भेटले की दोन शब्द बोलायचा आणि मग क्लबात जाऊन त्यांच्यावर एखादा विनोद मारायचा, हे तो कवितेत स्वतःच कबूल करतो. आणि मेलेल्यांमध्ये एक होता जॉन मॅकब्राइड, मॉड गॉनचा नवरा, वेगळा झालेला. यीट्सला हा माणूस अजिबात आवडायचा नाही, कवितेत त्याला दारुडा, फुशारक्या मारणारा गुंड म्हणून घेतलंय, माझ्या जवळच्या माणसांशी तो फार वाईट वागला असंही सांगितलंय, आणि लगेच पुढे, तरी त्याचं नाव मी ह्या गाण्यात घेतोय. आता ह्या जागेवर जरा थांबा. शहीद झाला म्हणून जुना राग पुसून टाकला असं यीट्स करत नाही, आणि राग आहे म्हणून नावही गाळत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून देतो. मग विचारतो की हे मरण फुकट तर गेलं नाही ना, कारण इंग्लंड कदाचित शब्द पाळेलही, म्हणजे तो बाजूला ठेवलेला होमरूल. आणि फार काळ बलिदान करत राहिलं की काळजाचा दगड होतो असंही बजावून ठेवतो. आमच्या गाईडने दोन मार्कात गुंडाळलं ती 'भयंकर सौंदर्याची' ओळ ह्या सगळ्या घालमेलीतून येते. मॉड गॉनला कविता पाठवली, तिने सरळ कळवलं की मला आवडली नाही, तुलाही शोभत नाही आणि विषयालाही शोभत नाही. तिच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, तिला पोवाडा हवा होता. कविता सप्टेंबर १९१६ मध्ये लिहिली, थोड्या प्रती खाजगीत छापल्या, सगळ्यांसमोर यायला १९२० उजाडलं.

नंतरचं भराभर सांगतो. गनिमी लढाई झाली, १९२१ ला तह झाला, २६ परगण्यांचं वेगळं राज्य आणि उत्तरेकडचे सहा परगणे, जिथे प्रोटेस्टंट जास्त, ते ब्रिटनकडेच राहिले. तह मान्य करायचा की नाही ह्यावरून १९२२-२३ ला आयरिश लोक आपापसातच लढले. यीट्स तेव्हा गॉलवेकडे एका जुन्या दगडी बुरुजात राहायचा, बाहेर काय चाललंय काही कळत नाही, कुठेतरी माणूस मेलाय, कुठेतरी घर जळलंय, आणि खिडकीपाशी मधमाश्या पोळं करतायत. त्यावरच्या कवितेत तो म्हणतो की आम्ही काळजाला स्वप्नरंजनाचा खुराक दिला, ते खाऊन काळीज रानटी झालं. स्वप्न चारणाऱ्यांत तो स्वतः एक नंबर होता, त्यामुळे ह्या ओळीला वजन आहे.

मरायच्या थोडं आधी त्याने आणखी एका कवितेत विचारलं, माझ्या त्या नाटकामुळे काही माणसं बाहेर पडली का, इंग्रजांनी ज्यांना गोळ्या घातल्या ती? पन्नासेक वर्षांनी पॉल मल्डून ह्या उत्तरेकडच्या कवीने ऑडन कवीच्या तोंडी त्याची टोपी उडवली, यीट्सने पेन्सिल वाचवली असती तर ती माणसं काय अंथरुणात पडून राहिली असती? मल्डूनचं वाचून आधी हसू येतं. पण यीट्सचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

आता उत्तरेकडचे सहा परगणे. तिथे पन्नास वर्षं प्रोटेस्टंट बहुमताचं सरकार, आणि कॅथलिकांना नोकऱ्या, घरं, मतं सगळ्यात मागे ठेवलेलं. ह्यातलं घराचं गणित समजून घेण्यासारखं आहे. स्थानिक निवडणुकीत मत कोणाला, तर ज्याच्या नावावर घर किंवा घराचं भाडेपत्र आहे त्याला आणि त्याच्या नवरा-बायकोला, आईबापांकडे राहणाऱ्या मोठ्या मुलांना मत नाही. आणि स्वस्त घरं वाटणार कोण, तर कौन्सिल. म्हणजे एखाद्या कॅथलिक कुटुंबाला घर दिलं की दोन मतं समोरच्याला दिली, मग देताय कशाला. डेरीत कॅथलिक जास्त होते तरी वॉर्डांच्या हद्दी अशा आखल्या होत्या की कौन्सिल कायम दुसऱ्यांचं. ह्यावर १९६८ ला मोर्चे निघाले, पोलिसांनी डोकी फोडली, १९६९ ला ब्रिटिश आर्मी रस्त्यावर आली, आणि पुढची तीसेक वर्षं जे चाललं त्याला तिकडे 'ट्रबल्स' म्हणतात, जसं काही नळाला पाणी येत नाहीये. साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली, त्या एवढ्याशा, दीड कोटी सोडा, वीस लाखसुद्धा वस्ती नसलेल्या मुलखात.

३० जानेवारी १९७२ ला डेरीतल्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या घातल्या, त्या दिवशी तेरा मेले, चौदावा नंतर. सरकारी चौकशीने काही आठवड्यांत सैनिकांना जवळपास सोडूनच दिलं. त्यावर थॉमस किन्सेलाने काही दिवसांत लांबलचक कविता लिहून पुस्तिका म्हणून काढली, मेलेल्यांची भुतं एकेक येऊन बोलतात. ती कविता म्हणून फार भारी आहे असं मला वाटत नाही, रागाच्या भरात यमकं ठोकलेली आहेत, पण चौकशीने जे लिहिलं नाही ते कुणीतरी लिहून ठेवणं भाग होतं. सरकारने चुकलं म्हणायला २०१० साल उजाडलं.

हीनीने वेगळी वाट धरली. तो डेरी परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आजूबाजूला बॉग, म्हणजे काळी ओली दलदल, जिच्यातली माती कापून वाळवून चुलीत जाळतात. ह्या मातीत हवा जवळजवळ नसते आणि आंबटपणा असतो, त्यामुळे आत गेलेलं कुजत नाही, शेकडो वर्षांपूर्वी पुरलेलं लोणी निघतं, आणि डेन्मार्क-जर्मनीकडे तर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं निघाली, कातडीसकट, गळ्यातल्या फासासकट. त्यांचे फोटो असलेलं एक पुस्तक हीनीच्या हातात पडलं आणि त्याला वाटलं, अरे हे तर आपल्याकडचेच मुडदे. १९७५ च्या 'नॉर्थ' संग्रहात ह्या कविता आहेत.

त्यातली 'पनिशमेंट' मी जपून वाचतो. उत्तर जर्मनीत सापडलेली एक मुलगी, डोकं भादरलेलं, डोळ्यांवर पट्टी, तेव्हा समज असा की व्यभिचाराची शिक्षा म्हणून मारली. हीनी तिच्याकडे बघत बघत, मानेला दोरीची ओढ कशी बसली असेल, उघड्या अंगावर वारा कसा लागला असेल, असं हळुवार लिहीत जातो आणि मग एकदम स्वतःलाच पकडतो: मला तुझ्यावर जवळजवळ प्रेम आहे, पण त्या दिवशी मीसुद्धा गप्प राहण्याचेच दगड मारले असते. आणि लगेच तो बेलफास्टवर, उत्तर आयर्लंडच्या राजधानीवर येतो, जिथे ब्रिटिश सैनिकांबरोबर फिरणाऱ्या कॅथलिक पोरींना त्यांच्याच मोहल्ल्यातले लोक डोकं भादरून, डांबर ओतून रेलिंगला बांधायचे. मी तेव्हाही गप्प उभा होतो, तो म्हणतो. तोंडाने निषेध करीन, पण आतून आपल्या जमातीचा हा सूड मला कळतो. हे छापून स्वतःच्या नावाखाली द्यायला किती हिंमत लागते ते बघा, कारण ह्यावर कुठलीच बाजू खूश होणार नाही. (नंतरच्या तपासणीत असं निघालं की ती मुलगी नव्हतीच बहुतेक, सोळा-एक वर्षांचा मुलगा होता. कवितेचं त्याने काय बिघडतं ह्यावर मी अजून विचार करतोय.)

खूश नाहीच झाले. बेलफास्टचाच कवी किरन कार्सन, त्याने परीक्षणात लिहिलं की हीनी हिंसेचा राजकवी होऊन बसलाय, खुनांना पुराणकथेत बसवतोय. हीनीने हे मनात ठेवलं असावं असं मला वाटतं, कारण त्याचा लांबचा एक भाऊ १९७५ ला रस्त्यात अडवून मारला गेला होता, त्याच्यावर त्याने आधी एक फार सुंदर कविता लिहिली होती, ज्यात तो दवाने आणि शेवाळाने भावाचा चेहरा पुसतो, आणि १९८४ च्या दुसऱ्या कवितेत तोच भाऊ भूत होऊन येतो आणि हीनीला झापतो: ज्याने मला गोळी घातली त्याला मी सरळ दोष देतो, पण तुलाही देतो, तू माझ्या मरणावर दवाचं गोड पाणी शिंपडलंस. म्हणजे स्वतःच्याच गाजलेल्या कवितेवरचा आरोप स्वतःच लिहून ठेवला.

कार्सन पोस्टमनचा मुलगा, बेलफास्टच्या गल्ल्या पाठ. तिकडे लग्नात वधूवरांवर रंगीत कागदाचे कपटे उडवतात, त्याला कन्फेटी म्हणतात, आपल्या अक्षतांसारखं. आणि दंगलीत जे विटांचे तुकडे फेकले जातात त्यांना बेलफास्टचे लोक म्हणतात 'बेलफास्ट कन्फेटी'. ह्याच नावाची त्याची कविता आहे, जेमतेम आठ-नऊ लांब ओळींची. दंगल पथक येतं आणि आकाशातून उद्गारचिन्हं पडायला लागतात, नट, बोल्ट, खिळे, गाडीच्या किल्ल्या. स्फोट म्हणजे नकाशावर एक तारकाचिन्ह. मशीनगनचा आवाज म्हणजे जोडरेघांची ओळ. तो डोक्यात एक वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न करतोय पण ते अडखळतंय, कारण प्रत्येक बोळाच्या तोंडाशी पूर्णविराम उभा. ज्या गल्ल्या त्याला झोपेत सापडतील, बालाक्लाव्हा, रॅग्लन, इंकरमन, ओडेसा, सगळी नावं ब्रिटिशांच्या क्रिमियातल्या जुन्या लढाईवरून ठेवलेली, त्याच गल्ल्यांत आता तो अडकलाय. शेवटी चेकिंग होतं. नाव काय, कुठून आलास, कुठे चाललास. प्रश्नचिन्हांच्या फैरी. परत तेच, आडनाव काय म्हणालात.

३१ ऑगस्ट १९९४ ला आयआरएने, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध बंदुका घेऊन लढणाऱ्या संघटनेने, शस्त्रसंधी जाहीर केली. तीनच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, 'आयरिश टाइम्स'मध्ये मायकल लाँगलीची 'सीझफायर' छापून आली, चौदा ओळींची. लाँगली बेलफास्टचा, प्रोटेस्टंट घरातला, ग्रीक-लॅटिन शिकलेला. बेलफास्टचं नावही न घेता तो ट्रॉयच्या युद्धातली गोष्ट सांगतो, म्हातारा राजा प्रायम शत्रूच्या तंबूत जाऊन अकिलीजकडे आपल्या मुलाचं प्रेत मागतो, दोघं रडतात, एकत्र जेवतात, एकमेकांकडे बघत राहतात. मूळ महाकाव्यात प्रायम आल्या आल्याच अकिलीजच्या हातांचं चुंबन घेतो. लाँगलीने ते उचलून शेवटी ठेवलं, की मी गुडघ्यावर बसतो, जे करावं लागतं ते करतो, आणि ज्या हाताने माझा मुलगा मारला तो हात ओठांना लावतो.

मला हे वाचलं की धृतराष्ट्र आठवतो. युद्ध संपलंय, शंभर मुलं गेलीत, आणि तो भीमाला म्हणतो ये, मिठी मार. कृष्णाला माहीत होतं म्हणून त्याने लोखंडाचा भीम पुढे केला आणि म्हाताऱ्याने त्याचा चुरा केला. लाँगलीला धृतराष्ट्र माहीत असायचं कारण नाही, पण त्या आठवड्यात बेलफास्टमध्ये असे किती बाप असतील ज्यांना प्रायम व्हा म्हणून सांगत होते आणि त्यांच्या हातांना लोखंड हवं होतं.

करार झाला १० एप्रिल १९९८ ला, गुड फ्रायडेला. हीनीच्या एका नाटकातली 'आशा आणि इतिहास यांचं यमक जुळतं' ही ओळ क्लिंटनपासून बायडनपर्यंत सगळ्यांनी भाषणात वापरून वापरून गुळगुळीत केली, त्याला नाइलाज आहे.

लाँगलीची अजून एक छोटी कविता आहे, दहा ओळींची. बेलफास्टच्या लिस्बर्न रोडवर एक आइस्क्रीमचं दुकान होतं, कवीच्या मुलीला तिथले सगळे फ्लेवर पाठ. तिथल्या माणसाला गोळ्या घातल्या. मुलीने फुलं विकत आणून दुकानाबाहेर ठेवली. बाप काय करणार, तो आपला तिला रानफुलांची नावं सांगत राहतो जी त्याने पश्चिमेकडच्या बरेन नावाच्या खडकाळ भागात एका दिवसात बघितली होती, एकामागून एक, नुसती नावं, मुलगी फ्लेवर म्हणून दाखवायची तशी. कविता संपते. कोणी मारलं, कोणत्या बाजूचा होता, एक शब्द नाही. नंतर लाँगलीला एक पत्र आलं, आभाराचं. खाली सही होती, आइस्क्रीमवाल्याची आई.